तडवी भिल्ल आणि धर्माचा रकाना

रावेर-यावल भागात तापीकाठच्या केळीच्या बागा मागे टाकून सातपुड्याच्या पायथ्याकडे वळले की तडव्यांची वस्ती लागते. तडवी हे भिल्ल आहेत आणि मुसलमानही आहेत. त्यांचा निकाह काझी लावतो, मयत दफन होते. परंतु त्यांचे आप्तपण, त्यांचे दारिद्र्य आणि जंगलाशी असलेले नाते शेजारच्या भिल्ल-पावऱ्यांसारखेच आहे. ही जमात मूळची कोणाची, हा प्रश्न बाहेरून येणाऱ्यालाच पडतो. तडव्यास तो पडत नाही.

खानदेशात अशी सरमिसळ नवी नाही. या प्रांताची जुनी राजधानी असलेल्या बुऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही आहे. १५९० च्या सुमारास फारुकी सुलतान आदिलशहाने तो कोरविला. त्यात सृष्टिकर्त्याला वंदन आहे, राजघराण्याची वंशावळ आहे आणि तिथी-नक्षत्रही आहे. फैजपुरात सत्पंथाचे मंदिर आहे, आणि या पंथाची परंपरा गुजरातेतील पिराण्याच्या इमामशहापर्यंत जाते. यावरून जुना काळ गोडीगुलाबीचा होता असे मुळीच नव्हे. त्याच राजवटींनी रयत पिळली, लढाया केल्या. तथापि लोकांची श्रद्धा शुद्धतेच्या चौकटीत बसत नव्हती आणि बसावी असा हट्टही फारसा कोणी धरीत नव्हते.

हा हट्ट आता धरला जात आहे. धर्मांतरित आदिवासींना अनुसूचित जमातींच्या यादीतून वगळावे, ही मागणी कार्तिक उराँव यांनी साठीच्या दशकाअखेर संसदेत रेटली होती. २००६ साली स्थापन झालेल्या जनजाती सुरक्षा मंचाने ती पुन्हा उचलली. रोख मुख्यतः ख्रिस्ती आदिवासींवर आहे. परंतु मागणी मान्य झाली तर पहिल्या फटक्यात रावेरचा तडवीही यादीबाहेर जाईल. राज्यघटनेच्या ३४२ व्या कलमात जमातीला धर्माची अट नाही. ती अट अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशात आहे. १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध त्यात सामावले गेले, दलित ख्रिस्ती व मुसलमान मात्र बाहेरच राहिले. म्हणजे जो अन्याय दूर करावयाचा, त्याचाच विस्तार मागितला जात आहे.

सवलतींचा मोठा वाटा थोड्यांच्याच पदरी पडतो, ही तक्रार खोटी नाही. परंतु तिचे उत्तर वंचितपणा मोजून मिळेल, नमाज मोजून नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणास मुभा दिली, तीही मागासलेपणाच्या आधारावर.

येथे समाजवादी चळवळीनेही आपला हिशेब तपासला पाहिजे. मार्क्सचे अफूचे अर्धेच वाक्य पाठ करून अनेकांनी धर्माचा विषय बाजूस सारला. शेतसारा, मजुरी, वीजदर यांवर मोर्चे निघाले. गावात पीर, पालखी आणि भगत यांच्याभोवती जे जग उभे आहे, त्याची दखल घेण्याचे काम इतरांवर सोपविले गेले आणि त्यांनी ते मनापासून केले. साने गुरुजींची वृत्ती निराळी होती. १९३६ च्या फैजपूर काँग्रेससाठी खेडोपाडी राबणाऱ्या त्या माणसानेच पंढरपूरच्या मंदिरप्रवेशासाठी १९४७ साली प्राण पणाला लावले आणि इस्लामी संस्कृतीवरही लेखणी चालविली. धर्माशी भांडावयाचे तर तो आधी समजून घ्यावा लागतो, हे त्यांना कळले होते.

२००६ च्या वनहक्क कायद्याखालील दाव्याच्या नमुन्यात धर्माचा रकाना नाही. जमातीचा आहे. तडव्याला यादीतून काढले की त्याला तीन पिढ्यांच्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षांच्या रहिवासाचा पुरावा मागितला जाईल, आणि पाड्यावर कागद कोणाकडे असतात? म्हणूनच रावेर-यावलच्या कार्यकर्त्यांनी वगळण्याच्या मागणीविरुद्धचा ठराव तडवी, भिल्ल आणि पावरा या तिन्ही वस्त्यांच्या ग्रामसभांतून एकाच मसुद्यावर करून घ्यावा, आणि त्याच बैठकीत रखडलेल्या दाव्यांची यादीही करावी.