गुपित कुणाचे, किल्ली कुणाच्या हाती?

आज पलूस तालुक्यात असलेले कुंडल हे प्रतिसरकारचे बळकट ठाणे होते. क्रांतिसिंह नाना पाटील १९४६ पर्यंत भूमिगत राहिले; ब्रिटिशांना ते सापडले नाहीत. ७ जून १९४३ रोजी कॅप्टन भाऊ लाड व जी. डी. बापू लाड यांच्या तुफान सेनेने शेणोलीजवळ पगाराची रेल्वेगाडी अडवून रक्कम ताब्यात घेतली. (तिला लूट म्हणणे कॅप्टन भाऊंना वृद्धापकाळीही मान्य नव्हते.) गाडीची खबर वेळेवर पोचल्यावाचून आणि बेत गुप्त राहिल्यावाचून हे घडणे शक्य नव्हते. त्या गुप्ततेचे यंत्र एकच होते : गावाचे मौन.

आता हेच काम डीएनएच्या धाग्याकडून करून घेण्याची खटपट चालू आहे. १९९९ साली न्यूयॉर्कमधील क्लेलंड, रिस्का व बँक्रॉफ्ट या संशोधकांनी नॉर्मंडीच्या स्वारीचा संदेश ए, सी, जी, टी या चार रासायनिक अक्षरांत उतरविला. एकेका लिपिचिन्हासाठी तीन अक्षरे. तो धागा त्यांनी माणसाच्या डीएनएच्या असंख्य तुकड्यांत मिसळून पत्रातील पूर्णविरामाएवढ्या ठिपक्यावर बसविला. धाग्याच्या दोन्ही टोकांचा वीस-वीस अक्षरांचा क्रम ज्याला ठाऊक, त्यालाच प्रयोगशाळेत तेवढा धागा वाढवून वाचता येतो. बाजारच्या गर्दीत निरोप्याने मिसळून जावे, तशीच ही युक्ती. फरक इतकाच, की बाजारातली गर्दी आपखुषीने गप्प राहत असे.

युक्तीचे कौतुक करावेच. परंतु धागा घडविण्याची व वाचण्याची यंत्रे ज्यांच्या मालकीची, त्यांच्या दारात गेल्याशिवाय शेतमजुराला वा संपावरील कामगाराला या किल्लीचा उपयोग नाही. गुप्ततेची ही साधने प्रथम धनकोंच्या आणि सरकारांच्या तिजोऱ्या राखतील, हे उघड आहे.

उलट दिशेने मात्र कारभार झपाट्याने पुढे गेला आहे. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. डीएनए नोंदींची पेढी उभारू पाहणारे २०१९ चे विधेयक सरकारने २०२३ मध्ये मागे घेतले. पण त्याआधीच, २०२२ साली, गुन्हेगारी प्रक्रिया (ओळख) कायदा झाला होता. त्याने अटकेतील माणसाचे जैविक नमुने व त्यांचे पृथक्करण यांची नोंद ७५ वर्षे ठेवण्याची मुभा दिली. नमुना देण्याची सक्ती सर्वांवर सारखी नाही, आणि निर्दोष सुटलेल्याची नोंद नष्ट करण्याची तरतूदही आहे. मात्र कारणे लेखी देऊन न्यायालय वा दंडाधिकारी ती राखून ठेवू शकतात. मोर्चात पकडलेला कार्यकर्ता सुटून घरी येईल. त्याचा नमुना कुठे आहे, हे कुणी व कुणाला विचारायचे, याचे उत्तर प्रतिनिधींकडून संसदेतच मागितले पाहिजे.