पुनर्विकास: पाडलेली इमारत नेमकी जाते कुठे?

मुंबई-पुण्यात कुठल्याही जुन्या वस्तीत शिरा, हिरवी जाळी लावलेली एखादी तरी इमारत दिसतेच. सोसायटीच्या बैठकांमध्ये चर्चा असते वाढीव कार्पेटची, कॉर्पसची, भाड्याची. जुनी इमारत पाडल्यावर तिचं काय होणार, हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही.

खरं तर आपल्याकडे जुन्या सामानाचा बाजार आधीपासून आहे. पाडकामाचा ठेकेदार अनेकदा मालकाकडून पैसे घेत नाही, उलट त्यालाच पैसे देतो. कारण सळया, सागवानी दारं-खिडक्या, लाद्या, ग्रिल यांना गिऱ्हाईक असतं. चाळीतलं बर्मा टीक चोरबाजारात किंवा जोगेश्वरीच्या ओशिवरा फर्निचर बाजारात पोहोचतं, तिथून एखाद्या कॅफेच्या भिंतीवर. फोटोत ते छानच दिसतं, पण वजनाच्या हिशोबात लाकूड किरकोळ. खरा ढीग असतो काँक्रीट आणि विटांचा.

विटा पुन्हा का वापरता येत नाहीत?

जुन्या वाड्यांतल्या येतात. तिथला दर्जा चुन्याचा आहे. चुना विटेपेक्षा मऊ असतो, त्यामुळे भिंत उतरवताना तो झडतो आणि वीट अख्खी हाती लागते. सिमेंटचा दर्जा विटेला घट्ट धरून बसतो, जोडाच्या आधी वीटच फुटते. म्हणजे ५० वर्षांनी काय वाचणार, हे बरंचसं बांधतानाच ठरलेलं असतं.

काँक्रीटचा मार्ग वेगळा. प्रक्रिया केंद्रात ते फोडतात, चुंबकाने लोखंड काढतात आणि चाळून खडी, वाळू वेगळी करतात. त्यातून पेव्हर ब्लॉक, कर्बस्टोन, विटा बनतात. दिल्लीत बुराडीला २००९ पासून हे चालू आहे. मुंबई महापालिकेची दहिसर आणि डायघर इथली केंद्रं रोज प्रत्येकी ६०० टन राडारोडा हाताळू शकतील अशी उभारलेली आहेत.

अशी खडी कच्ची असते का? जुनं सिमेंट चिकटलेलं असल्याने ती पाणी जास्त शोषते. म्हणून ‘आयएस ३८३’ या २०१६ च्या मानकाने मर्यादा घातल्या आहेत: सळईच्या काँक्रीटमध्ये, तेही एम-२५ पर्यंतच, २० टक्के, साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्के आणि एम-१५ पेक्षा कमी दर्जाच्या भरावाच्या काँक्रीटमध्ये १०० टक्के. वापराला परवानगी आहे, अडचण मागणीची आहे. ठेकेदाराला खाणीतली खडी सवयीची वाटते, आणि राडारोडा डायघरपर्यंत नेण्यापेक्षा रात्रीत खाडीकाठी, कांदळवनात रिकामा केलेला डंपर स्वस्त पडतो. २०१६ च्या नियमांत सरकारी कामांमध्ये १० ते २० टक्के पुनर्वापरातलं साहित्य वापरण्याची तरतूद होती. आपल्या वॉर्डातल्या फुटपाथसाठी ती पाळली का, हे नगरसेवकाला विचारून बघण्यासारखं आहे.

आता काय बदलतंय?

केंद्राने २०२५ मध्ये नवे नियम अधिसूचित केले. अंमलबजावणीची तारीख आहे १ एप्रिल २०२६. मोबाइल किंवा प्लास्टिकच्या कंपन्यांवर असते तशी ‘विस्तारित उत्पादक जबाबदारी’ आता बांधकामावरही येते: कचऱ्याच्या ठरावीक हिश्श्याचा पुनर्वापर झाला हे प्रकल्पाला दाखवावं लागेल. मात्र ही जबाबदारी २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या बांधकामांची. मोठे टॉवर यात सापडतील. एकाच जुन्या इमारतीच्या जागी उभी राहणारी नवी इमारत अनेकदा यातून सुटेल, आणि आपल्या शहरांत पाडापाडी चाललीय ती बहुतेक अशाच इमारतींची.

तिथे हत्यार उरतं ते सोसायटीच्या करारनाम्याचं. लिफ्टच्या ब्रँडपासून नळांच्या कंपनीपर्यंत सगळं त्यात लिहून घेतलं जातं. राडारोड्याची प्रत्येक गाडी कुठल्या केंद्रात रिकामी झाली त्याची पावती विकासकाने द्यावी, ही अटही त्यातच घालता येते, पण सह्या व्हायच्या आधी.