व्हेरी गुड म्हणजे फारसं बरं नाही

ऑफिसात अप्रेझलच्या फॉर्मवर बॉसनं ‘व्हेरी गुड’ लिहिलं तर आपण त्याच संध्याकाळी टीमला बिअर पाजतो. जुन्या रेकॉर्ड्सच्या बाजारात मात्र ‘व्हेरी गुड’ म्हणजे ओरखडे दिसतात आणि गाणं हळू झालं की खरखर ऐकू येते. नुसतं ‘गुड’ म्हणजे सुई उडत नाही, एवढंच काय ते कौतुक. ही भाषा १९७४ साली सुरू झालेल्या ‘गोल्डमाइन’ या अमेरिकन मासिकाची. त्यांच्या श्रेणी आज जगभरातले संग्राहक मानतात. सगळ्यात वर मिंट, मग निअर मिंट, मग व्हेरी गुड प्लस आणि तिथून उतरती भाजणी. निअर मिंटवरून एक पायरी घसरलात की किंमत साधारण निम्मी, दोन पायऱ्या घसरलात की पाव. आपला एचआर परवडला.

हे सगळं मला गेल्या चार महिन्यांत पाठ झालंय, कारण डोंबिवलीचे माझे काका त्यांच्या रॉकच्या १४० एलपी विकतायत. कारण अजिबात रोमँटिक नाही. काकूचे दोन्ही गुडघे बदलायचेत, इन्शुरन्स सगळे पैसे देणार नाही, आणि काका म्हणजे रिटायर्ड बँक इन्स्पेक्टर, मुलापुढे हात पसरणाऱ्यांतले नव्हेत.

माल मात्र अव्वल आहे. मुंबईची दमट हवा रेकॉर्डच्या कव्हरांना कशी खाते ते ज्यांनी पाहिलंय त्यांना कळेल. काकांच्या एलपी गोदरेजच्या कपाटात पुस्तकांसारख्या उभ्या आहेत. एकावर एक रचल्या की वजनानं वाकतात, उन्हात ठेवल्या तर पापड होतो. पावसाळ्यात दर रविवारी कपाट उघडून पंखा लावायचा, हा घरचा नियम. तबकडीला कडेनंच धरायचं. मी लहानपणी एकदाही त्या कपाटाला हात लावलेला नाही, कारण लावूच दिला नाही!

पहिला फोन अर्थातच डीलरला. आमच्या ओळखीच्या एकाच्या ओळखीचा. तो आला, चहा घेतला आणि पत्ते पिसावेत तसा भराभर एलपी चाळत गेला. ‘‘सगळं कॉमन आहे अंकल. डीप पर्पल, सँटाना, सीसीआर, घराघरात होतं हे.’’ सगळ्या लॉटचे ३०,००० म्हणाला. लॉट देऊ नका, हा माझा पहिला फंडा इथेच तयार झाला. लॉटमध्ये डीलरला हवे असतात दहा-बाराच, बाकीच्यांचं ओझं तो तुमच्याच पैशानं उचलत असतो. काकांनी नकार दिला तो वेगळ्या कारणानं. ‘‘त्याचा हात दोन ठिकाणी थांबला,’’ ते म्हणाले. पस्तीस वर्षं लोकांची लेजर्स तपासलेल्या माणसासमोर बिचारा पत्ते पिसत होता.

डीलर कॉमन म्हणाला ते बरंचसं खरंच होतं, ही गोष्ट जुन्या रेकॉर्ड्स सांभाळून ठेवलेल्या प्रत्येक घरानं मान्य करायला हवी. आयातीवर बंधनं होती तेव्हा आपल्याकडे मिळायची ती मुख्यतः भारतात छापलेली प्रत, म्हणजे एचएमव्हीच्या कोलकात्याजवळच्या दमदम कारखान्यातून आलेली. ती काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमध्ये तासभर ताटकळून घेतलेली असो की पगाराच्या पहिल्या दिवशी, घेणाऱ्याला त्याच्याशी देणंघेणं नसतं. (२०१६ मध्ये ऱ्हिदम हाउस बंद झालं तेव्हा फेसबुकवर अख्खी मुंबई रडली. त्यातले किती जण तिथून शेवटची खरेदी कधी केली ते सांगू शकले असते, देव जाणे.) आठवणींचे वेगळे पैसे मिळत नाहीत. पैसे मिळतात ते प्रत कुठली आणि अवस्था कशी, या दोनच गोष्टींचे.

प्रत कुठली हे कळतं लेबलवरून आणि शेवटचं गाणं संपल्यावर लेबलपर्यंत जी कोरी पट्टी राहते तिथल्या खुणांवरून. तिथे बारीक अक्षरात नंबर कोरलेले असतात आणि कितव्या साच्यातून तबकडी निघाली याचा माग त्यावरून लागतो. अवस्था पाहायची तर ट्यूबलाइट उपयोगाची नाही. एकच दिवा हवा आणि तबकडी तिरकी धरायची, मग केसाएवढे ओरखडेही चमकतात. मधल्या भोकाभोवती, लेबलवर, पिनच्या रेघा किती आहेत तेही बघा. मालक ‘दोनदाच वाजवली हो’ म्हणत असला तरी लेबल खरं बोलतं. कव्हरला वेगळी श्रेणी, तबकडीला वेगळी. काकांचा तोटा झाला तो इथे. होस्टेलवर रेकॉर्ड्सची अदलाबदल व्हायची म्हणून त्यांनी प्रत्येक लेबलच्या कोपऱ्यात सुबक अक्षरात स्वतःचं नाव लिहून ठेवलंय. निअर मिंटचं स्वप्न तिथेच संपलं.

डीलरचा हात पहिल्यांदा थांबला तो पिंक फ्लॉइडच्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’वर. ही एलपी १९७३ ची, आणि काकांची प्रत इंग्लंडमध्ये छापलेली. बोटीवर नोकरीला असलेल्या मित्रानं आणून दिलेली. तिकडच्या अगदी पहिल्या प्रतींच्या लेबलवर भरीव निळा त्रिकोण असतो, नंतरच्यांत नुसती बाह्यरेषा. ही भरीववाली! आत दोन पोस्टर्स आणि दोन स्टिकर्स असायला हवीत. काकांकडे पोस्टर एकच. दुसरं होस्टेलच्या भिंतीवर राहिलं.

जाहिरात मी टाइप केली, मजकूर काकांनी सांगितला. आधी त्यांनी दोन्ही बाजू हेडफोन लावून ऐकल्या, कागदावर नोंदी करत. ‘‘लिही. लेबलवर नाव आहे. एक पोस्टर नाही. दुसऱ्या बाजूला ‘अस अँड देम’ हळू होतं तिथे तीनदा टिक ऐकू येतं.’’ फोटोत टिक दिसत नाही, पण घेणारा घरी जाऊन पहिलं तेच ऐकणार आणि परत पाठवणार, हा त्यांचा हिशोब. तो बरोबर निघाला. बेंगळुरूच्या एका संग्राहकानं घासाघीस न करता २२,००० पाठवले आणि आणखी काय आहे असं विचारलं. तेव्हापासून तो सात एलपी घेऊन गेलाय, फोटो न मागता. डीलरचा लॉटचा भाव आठवा.

आता दुसरं ठिकाण, आणि घरात वाद आहे तो याच एलपीवरून. ‘सिमला बीट’. सिमला ही सिगारेट, आणि इम्पीरियल टोबॅको कंपनी तिच्या नावानं देशभरातल्या तरुण बँड्सची स्पर्धा घ्यायची. त्यातल्या बँड्सच्या दोन एलपी निघाल्या, १९७० आणि १९७१ च्या. युरोप-अमेरिकेतले गॅरेज रॉकचे वेडे त्या शोधत असतात. बाहेर पुन्हा छापल्या गेल्या, तरी मूळ प्रतीची भूक कमी झालेली नाही. जर्मनीतून एकाची मेल आली, कोरलेल्या नंबराचा फोटो मागणारी. आकडा ऐकून मी खुर्चीत सरळ बसले. एका गुडघ्याचा बराचसा खर्च त्यात निघतो.

काका भिंग आणि टॉर्च घेऊन बसले, फोटोही मला काढू दिला. पाठवायचा की नाही ते मात्र बोलेनात. सगळ्या इंग्रज-अमेरिकन मंडळींत आपल्या पोरांची अशी ही एकच. ‘‘बाकीच्या पुन्हा मिळतील,’’ एवढंच म्हणाले.

‘‘विकायची तर विका,’’ काकू आतून म्हणाली, ‘‘पण माझ्या गुडघ्यांच्या नावावर नको. जन्मभर ऐकवाल.’’

जर्मन माणसाला आम्ही पंधरा दिवस मागितलेत. त्यातले नऊ संपले.

तोवर बाकीचं काम चालू आहे. ६१ गेल्या. पॅकिंग काकाच करतात, तबकडी कव्हरच्या बाहेर काढून. प्रवासात ती आत हलली तर कव्हरची शिवण उसवते. दोन्ही बाजूंना जाड पुठ्ठा. शनिवारी ठाण्याहून एक मुलगा जेथ्रो टलच्या तीन एलपी ऐकून बघायला येतोय. येताना स्वतःचा हेडफोन आण, असं काकांनी त्याला बजावलंय, कारण दुपारी काकू झोपलेली असते.