वाडा कुणाचा, वारसा कुणाचा?

दर दिवाळीत, दर हेरिटेज सप्ताहात एक लेख हमखास वाचायला मिळतो. 'आमचा दोनशे वर्षांचा वाडा'. सागवानी खांब, दगडी जोते, चौकातले तुळशीवृंदावन, आजीच्या हातचे थालीपीठ आणि शेवटी बिल्डरने वाडा पाडला म्हणून एक उसासा. आम्ही हे लेख आवडीने वाचतो. घर पडल्याचे दुःख खोटे नसते, हेही मान्य. पण समाजशास्त्र शिकल्यापासून एक खोड लागली आहे. घराचे वर्णन वाचले की विचारायचे, या घरात कोण कुठपर्यंत येऊ शकत होते?

हा प्रश्न विचारला की वाड्याचा नकाशा वेगळाच दिसू लागतो. भला थोरला दरवाजा, त्यात वाकून शिरायची दिंडी, आत देवडीवर पहारेकरी. मग पहिला चौक. भोवती ओसरी आणि सोपा, तिथे कारभार, देणीघेणी, कुळे. त्यापुढे माजघर, स्वयंपाकघर, देवघर. जितके आत जावे तितके 'शुद्ध'. कुळवाडी ओसरीच्या पायरीशी थांबणार, बलुतेदार चौकात, आणि महार, मांग, चांभार दिंडीच्याही बाहेर. म्हणजे जातीची उतरंड पुस्तकात शोधायलाच नको, ती दगड-चुन्यात बांधून ठेवलेली आहे. वास्तुशास्त्राचे प्राध्यापक याला 'खासगी आणि सार्वजनिक अवकाशाची सुंदर रचना' म्हणतात. सुंदर कुणासाठी?

माजघरातल्या बाईसाठीही ती फार सुंदर नव्हती. अंधारी बाळंतिणीची खोली, विटाळाचा कोपरा, केशवपन केलेल्या विधवेचे आयुष्य याच भिंतींच्या आत गेले. थालीपीठाच्या आठवणीत ती विधवा येत नाही.

आमची आजी गावच्या वाड्यावर लाकडाच्या मोळ्या पोचवायची. परसदारी मोळी टाकायची आणि दहा हात मागे सरायचे. आतून बाई येऊन मोळीवर पाणी शिंपडायची, मग लाकूड घरात जायचे. चूल त्याच लाकडावर पेटायची! आजीने आयुष्यभर तो वाडा मागूनच पाहिला. समोरची नक्षी कशी होती, हे तिला ठाऊक नव्हते. वाड्यावरच्या लेखात 'नक्षीदार महिरप' असे वाचले की आम्हाला ती मोळी आठवते, त्याला आमचा नाइलाज आहे.

कोणी म्हणेल, जुन्या काळाला आजच्या मापाने कशाला मोजता? दगडांना काय जात असते? तर मग काळाच्याच मापाने मोजू. शनिवारवाड्याची वास्तुशांत 1732 ची, 1828 च्या आगीत वरचे मजले जळाले, हे शाळेतल्या पोरालाही सांगता येते. त्याच पेशव्यांच्या पुण्यात अस्पृश्याला कमरेला झाडू आणि गळ्यात मडके बांधून चालावे लागे, हे बाबासाहेबांनी 1936 च्या 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये लिहून ठेवले आहे. वाड्याची लांबीरुंदी सांगणाऱ्या वाटाड्याने एवढे एक वाक्य सांगितले तर सहल लांबणार नाही.

आता दुसऱ्या घराकडे येऊ.

1917 मध्ये परदेशात शिकून आलेले बाबासाहेब बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्यांना राहायला घर मिळाले नाही. एका पारशी वसतिगृहात पारशी नाव सांगून, दिवसाला दीड रुपया देऊन, अडगळीने भरलेल्या दालनाशेजारच्या खोलीत ते राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक जिना चढून आले. मित्रांकडे आसरा मिळाला नाही, म्हणून रात्रीच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते सार्वजनिक बागेत बसून राहिले. एवढ्या शिकलेल्या माणसाला एका शहरात छप्पर मिळू नये, ही गोष्ट जातीच्या इतिहासाइतकीच घराच्या इतिहासाचीही आहे.

परळच्या बीआयटी चाळीतल्या दोन खोल्यांत कुटुंब आणि अभ्यास दोन्ही मावेनासे झाले, तेव्हा त्यांनी 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला दादरच्या हिंदू कॉलनीत स्वतःचे घर बांधले. वस्तीचे नाव हिंदू कॉलनी, घराचे नाव राजगृह! मगधाची राजधानी, जिथे बुद्धाच्या परिनिर्वाणानंतर पहिली संगीती भरली, तिचे नाव त्यांनी दारावर लावले. धर्मांतराला तेव्हा वीसहून जास्त वर्षे होती. नावांचा अभ्यास करणाऱ्यांनी इथे जरा थांबावे.

या घराची रचना कशाभोवती आहे? देवघराभोवती नाही, पुस्तकांभोवती. खाली कुटुंब आणि वर ग्रंथालय. वाड्यात सर्वात आतली, सर्वात जपलेली जागा देवाची आणि तिथे बहुसंख्यांना बंदी. इथे सर्वात जपलेली जागा ग्रंथांची. आमच्या मते विसाव्या शतकातल्या महाराष्ट्राच्या गृहरचनेतली ही सर्वात मोठी उलथापालथ आहे, आणि वाड्यांवरच्या जाडजूड चित्रग्रंथांत तिच्यासाठी पान नसते. रमाईंचे निधन 27 मे 1935 रोजी याच घरात झाले. डिसेंबर 1956 मध्ये बाबासाहेबांचे पार्थिव दिल्लीहून इथेच आणले गेले. 7 जुलै 2020 ला इथल्या कुंड्या फोडल्या, खिडकीवर दगड मारले. जुन्या वाड्याच्या खिडकीवर वैचारिक रागाने कोणी दगड मारत नाही. घर अजून कुणाला सलते, याचा अर्थ ते अजून काहीतरी बोलते आहे.

पण मित्रहो, आपलेही चुकते. 6 डिसेंबरला आपण राजगृहासमोर रांग लावतो, फोटो काढतो, माघारी येतो. वर चढणारा जिना कुठल्या बाजूला आहे, ग्रंथालय कुठल्या मजल्यावर होते, हे आपल्यातल्या किती जणांना सांगता येईल? एका कार्यकर्ता शिबिरात आम्ही हे विचारले, तर चाळीसपैकी तिघांचे हात वर आले. मग स्वतःच्या आजीच्या घराचा नकाशा काढायला सांगितला. पोरे हसली. 'त्यात काय काढायचं सर, एक खोली होती.'

तीच एक खोली काढायची आहे. कूड कशाचा होता, छपरावर काय होते, चूल आणि अंथरूण यांत अंतर किती, पाणी कुठून यायचे, दार गावाकडे होते की गावाकडे पाठ करून. पाचशे वर्षे टिकेल असा दगड आपल्या वाट्याला आला नाही. सरकारी यादीतल्या वारशात यायला घर उभे असावे लागते, आणि आपली घरे दर पावसाळ्यात पडून दर उन्हाळ्यात उभी राहिली. त्यामुळे त्यांचा पुरावा म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यातच आहे, आणि ती माणसे झपाट्याने कमी होत आहेत.

गेल्या मे महिन्यात आम्ही मोठ्या चुलत्यांना सोबत घेऊन आजीच्या घराची जागा दोरीने मोजली. सोळा फूट बाय अकरा. तिथून वाड्याच्या परसदारापर्यंत पावले मोजली, चारशे बारा भरली. चुलते म्हणाले, मोळी डोक्यावर असली की जास्त भरायची, कारण विहिरीजवळून जायची मुभा नव्हती, वळसा घालावा लागायचा. तो वळसाही आम्ही नकाशात काढला आहे.