संगणकाची मालकी कोणाची?

14 ऑक्टोबर 2025 रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज 10 या आपल्या कार्यप्रणालीची नियमित सुरक्षा-दुरुस्ती थांबविली. त्या दिवशी कोणाचाही संगणक बंद पडला नाही. घरगुती ग्राहकांसाठी कंपनीने आणखी एका वर्षाची मुदतही देऊ केली. तथापि जी यंत्रे 2017 च्या आधीची आहेत, त्यांतील बहुतेकांवर विंडोज 11 अधिकृतपणे चालतच नाही. यंत्र धडधाकट, पडदा शाबूत, कळफलक शाबूत, आणि तरीही ते मोडीत काढावे असा हा अप्रत्यक्ष आदेश आहे. पक्षाच्या जिल्हा कचेऱ्या, कामगार संघटनांची कार्यालये, सार्वजनिक वाचनालये, जिल्हा परिषदेच्या शाळा अशा ठिकाणी बहुधा हीच जुनी यंत्रे असतात. नवी यंत्रे विकत घ्यावीत की आहे त्याच यंत्रांवर लिनक्स ही मुक्त कार्यप्रणाली बसवावी, हा प्रश्न त्यामुळे अनेकांपुढे उभा राहिला आहे.

तिसराही एक मार्ग आहे व तो सर्वांस ठाऊक आहे. विंडोजची परवाना नसलेली प्रत कोणाकडून तरी बसवून घ्यावयाची आणि गप्प राहावयाचे. यात मक्तेदारीला धक्का बसतो अशी काहींची समजूत दिसते. वस्तुतः चोरट्या प्रतीमुळे कंपनीची सवय फुकटात पसरते आणि तिच्या पर्यायाची गरज कोणालाच भासत नाही.

समाजवादी चळवळीला हा विषय नवा नाही. 1973 च्या परकीय चलन नियमन कायद्यान्वये परदेशी कंपन्यांनी भारतातील आपला भागभांडवली हिस्सा 40 टक्क्यांपर्यंत खाली आणावा, असा आग्रह जनता राजवटीत उद्योगमंत्री जॉर्ज फर्नांडिस यांनी धरला. आयबीएम कंपनीने तो मानला नाही व 1978 मध्ये तिने देश सोडला. इतरत्र कालबाह्य ठरलेली यंत्रे डागडुजी करून येथे भाड्याने देणे, हा तिचा धंदा होता. ही हकीकत सभांतून पुष्कळदा सांगितली जाते. तिचा दुसरा अर्धा भाग मात्र सहसा सांगितला जात नाही. आयबीएम गेल्यावर तिची यंत्रे बंद पडली नाहीत, कारण 1975 मध्ये स्थापन झालेल्या कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन या सार्वजनिक संस्थेच्या अभियंत्यांनी त्यांच्या देखभालीचे काम अंगावर घेतले. देखभाल करणारे हात नसते, तर तो आग्रह फार काळ टिकला नसता. (त्या संस्थेचे 2001 मध्ये खासगीकरण झाले, हे ओघाने नमूद केले पाहिजे.)

आज देखभालीचे ज्ञान यंत्रात कमी व आज्ञावलीत अधिक असते. विंडोजची मूळ संहिता ग्राहकास पाहता येत नाही, बदलता येत नाही. तो पैसे देऊन केवळ वापराचा परवाना घेतो. लिनक्सचे तसे नाही. 1983 मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी मुक्त कार्यप्रणालीचा संकल्प जाहीर केला आणि 1991 मध्ये हेलसिंकीतील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने तिचा गाभा लिहिला. ही संहिता कोणीही वाचावी, दुरुस्त करावी, दुसऱ्यास द्यावी. इंग्रजीत मोफत आणि मुक्त यांना एकच शब्द असल्याने तिकडे घोटाळा होतो. मराठीत तो होण्याचे कारण नाही. तथापि ही काही साधुसंतांची पंगत आहे असेही कोणी समजू नये. लिनक्सच्या विकासाचा मोठा खर्च आज बड्या कंपन्याच करतात, व त्यांत आयबीएमही आहे.

मालकी दुसऱ्याच्या हाती असते म्हणजे काय, हे जुलै 2025 मध्ये दिसले. युरोपीय संघाने नायरा एनर्जी या वाडीनार येथे तेलशुद्धीकरण करणाऱ्या कंपनीवर निर्बंध लादले आणि मायक्रोसॉफ्टने तिच्या पत्रव्यवहारासह सशुल्क सेवा तोडल्या. दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतल्यानंतर त्या पूर्ववत झाल्या. नायराचे जवळपास निम्मे भांडवल रशियाच्या रोसनेफ्टचे. तिच्यासाठी अश्रू ढाळण्याचे प्रयोजन नाही. परंतु भारतीय कायद्याने न बंदी घातलेला व्यवहार परदेशातील निर्णयाने थांबतो, हे ध्यानात घ्यावयास हवे. केंद्र शासनाने आपल्या कचेऱ्यांना झोहो या भारतीय कंपनीच्या साधनांकडे वळविण्यास आरंभ केला. त्याने मालक स्वदेशी झाला. संहिता बंदच राहिली. गिरणी साहेबाकडून देशी शेठजीकडे गेली, एवढ्याने ती कामगारांची झाली नव्हती.

मग बदल जमतो का? केरळमधील शाळांत तो जमला आहे. तेथे 2001 मध्ये सुरू झालेल्या शालेय संगणक प्रकल्पाने पुढील काही वर्षांत एका कंपनीच्या आज्ञावलींना रजा देऊन मुक्त प्रणाली स्वीकारली, व याचा आग्रह धरणाऱ्यांत शिक्षक संघटना आघाडीवर होत्या. 2019 मध्ये दोन लाखांहून अधिक शालेय संगणकांवर नवी आवृत्ती बसविताना 3000 कोटी रुपये वाचल्याचे तेथील यंत्रणेने सांगितले. हा आकडा जपून घ्यावा. दर संगणकामागे दीड लाखांचे परवाने एरवी विकत घेतलेच असते, असे त्यात गृहीत आहे. कोणत्याही राज्याने एवढा खर्च केला नसता. केरळची खरी कमाई शिक्षकांना मिळालेले प्रशिक्षण ही आहे.

उलट उदाहरण म्युनिकचे. तेथील नगरपालिकेने 2003 मध्ये निर्णय घेतला आणि दहा वर्षांत सुमारे 15,000 संगणक लिनक्सवर आणले. 2017 मध्ये त्याच नगरपालिकेने विंडोजकडे परतण्याचे ठरविले. दोन्ही वेळा महापौर सोशल डेमोक्रॅट पक्षाचेच होते! मधल्या काळात मायक्रोसॉफ्टचे जर्मनीतील मुख्यालय शहरात आले, याकडे टीकाकार बोट दाखवितात. ते दुर्लक्षणीय नाही. परंतु काही खात्यांच्या खास आज्ञावली विंडोजशिवाय चालत नव्हत्या, संगणक विभाग खात्याखात्यांत विखुरलेला होता आणि कर्मचाऱ्यांच्या तक्रारी साचत गेल्या होत्या, हेही तितकेच खरे.

महाराष्ट्रात लिनक्स अनोळखी नाही. ई-न्यायालय प्रकल्पाद्वारे तालुका न्यायालयांतील कारकुनांच्या मेजांवर उबंटू पोहोचले, आणि त्यांची प्रकरण-व्यवस्थापन आज्ञावली राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या पुणे शाखेने घडविली. कारकून शिकू शकतो, तर कार्यकर्त्याला ते जड जाऊ नये.

खरी अडचण मराठीची आहे. जिल्ह्याच्या छापखान्यांत अजून श्रीलिपी वा आयएसएमच्या जुन्या टंकांत अक्षरजुळणी होते. ते टंक नसलेल्या संगणकावर तोच मजकूर निरर्थक चिन्हांची रांग होऊन बसतो. चळवळीची पत्रके, ठराव, नियतकालिकांचे जुने अंक असे कुलूपबंद पडून आहेत. कार्यप्रणाली बदलो वा न बदलो, हा मजकूर युनिकोडमध्ये आणण्याचे काम टाळता येणार नाही. हिशेबाचीही तीच कथा. टॅली विंडोजसाठी बनलेली आहे आणि लेखापरीक्षकाला तीच हवी असते.

म्हणून क्रम असा असावा. प्रथम मजकूर युनिकोडमध्ये आणावा. मग आहे त्याच विंडोजवर लिबरऑफिस वापरून हात बसवून घ्यावा. त्यानंतर पत्रव्यवहाराचे व वाचनाचे संगणक लिनक्सवर न्यावेत. हिशेबाचे यंत्र शेवटी. नव्या यंत्रांसाठी राखून ठेवलेला पैसा प्रत्येक जिल्ह्यात दोन कार्यकर्त्यांना देखभालीचे शिक्षण देण्यावर खर्च व्हावा, आणि त्यांतील एक तरी महिला कार्यकर्ती असावी. कचेरीचे टंकलेखन बहुधा त्यांच्याच गळ्यात असते, निर्णय मात्र त्यांना न विचारता होतात. ज्या जिल्ह्यात अशी दोन माणसे अद्याप तयार झालेली नाहीत, तेथे तूर्त बदलाची घाई करू नये.