यादी कोणाची, क्रम कोणाचा?

महिन्याच्या सामानाची यादी कोण करतं यावर त्या घराचा महिना कसा जाणार हे ठरतं. ज्याने कधी डबे उघडून पाहिले नाहीत त्याच्या हाती यादी दिली, की साखर दुप्पट येते आणि हिंग विसरतो! सॉफ्टवेअरचंही असंच असतं. कुणीतरी संगणकासमोर बसून पटापट टाइप करतंय, हे चित्र आपल्या ओळखीचं आहे. पण त्याच्या कितीतरी आधी एक यादी तयार होते. हे सॉफ्टवेअर कुणासाठी, त्याने काय काय केलं पाहिजे, काय मुळीच करता कामा नये, याची. आमच्याकडे तिला ‘रिक्वायरमेंट्स’ म्हणतात. वेळ आणि पैसा कधीच पुरत नाही. त्यामुळे यादीतलं आधी काय, नंतर काय आणि काय सोडूनच द्यायचं, हेही ठरवावं लागतं.

हे काम मी गेली पंधरा-सोळा वर्षं करते आहे. हुद्दा बिझनेस ॲनालिस्ट. (आमच्या सासूबाई शेजारी सांगतात, ‘ती मीटिंगा घेते.’ तेही फारसं चूक नाही.) क्रम लावायच्या पद्धती आमच्यात पुष्कळ आहेत. त्यातली एक मॉस्को नावाची, १९९४ साली डाय क्लेग यांनी मांडलेली. रशियाशी तिचा काही संबंध नाही. ‘हवंच’, ‘असायला हवं’, ‘असलं तर बरं’ आणि ‘यावेळी नको’ असे चार ढीग करायचे, एवढंच. ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात प्रत्येकाला आपली मागणी ‘हवंच’च्या ढिगात हवी असते आणि शेवटी ज्याची खुर्ची मोठी त्याचं ‘हवंच’ होतं.

गेल्या दोन-तीन वर्षांत या खटाटोपात एआय आलं आहे. चाळीस पानांची यादी त्याच्या पुढ्यात टाकायची आणि सांगायचं, ‘तपासून दे, आणि क्रमही लावून दे.’ चहा होईपर्यंत उत्तर तयार! आमच्यासारख्या कंपन्यांमध्ये साहेबलोक यावर बेहद्द खूश आहेत. माझं मात्र ठाम मत आहे, की यातलं पहिलं काम यंत्राला जरूर द्यावं आणि दुसरं अजिबात देऊ नये.

पहिलं काम ते खरोखर छान करतं, हे आधी कबूल करायला हवं. ‘रिपोर्ट लवकर दिसला पाहिजे’ असं कुणी लिहिलं असेल तर ते लगेच विचारतं, लवकर म्हणजे किती सेकंदांत? पान चारवर ‘पेशंटचा फोन नंबर सक्तीचा’ आणि पान एकतीसवर ‘फोन नसलेल्या पेशंटचीही नोंद व्हावी’ असं असेल, तर तो विरोध बरोब्बर पकडतं. एकच मागणी तीन खात्यांनी तीन नावांनी लिहिली असेल तर तिन्ही एकत्र आणून ठेवतं. माणसाचे डोळे विसाव्या पानाला मिटायला लागतात. याचे नाही मिटत. आणखी एक गंमत म्हणजे मीटिंगमध्ये जिचं बोलणं मध्येच तोडलं गेलं त्या नव्या मुलीचा मुद्दा इतिवृत्तात एका ओळीत जरी आला असला, तरी यंत्र तो उचलून यादीत आणतं. त्याला कुणाची भीडभाड नसते. ‘मशीन निःपक्षपाती असतं’ असं आमचे मॅनेजर म्हणतात, ते या अर्थाने थोडंफार खरं आहे.

आता दुसरं काम. एका रुग्णालयासाठी सॉफ्टवेअर करत होतो. यादीत एक्केचाळीस मागण्या होत्या. संचालकांच्या कचेरीने त्यांना हव्या असलेल्या आलेखांबद्दल दोन पानं लिहिली होती, व्यवस्थित, मुद्देसूद, कारणांसकट. परिचारिकांकडून आलेली मागणी एका ओळीची होती : ‘लॉगआऊट लवकर होतं, त्रास होतो.’ यंत्राने क्रम लावला. संचालकांचे आलेख तिसरे आणि सिस्टरांचं लॉगआऊट सदतिसावं! शेजारी शेरा होता, ‘किरकोळ गैरसोय.’ पण याच यंत्राने तपासणीच्या वेळी त्या ओळीपुढे एक फार चांगला प्रश्नही काढून ठेवला होता : लवकर म्हणजे किती, आणि त्रास म्हणजे नेमका काय?

त्या प्रश्नाचं उत्तर शोधायला मी वॉर्डात जाऊन बसले. पाच मिनिटं हात लागला नाही की संगणक बंद होत होता. सुरक्षेच्या दृष्टीने ते योग्यच आहे, कुणीही येऊन पेशंटचे कागद बघू नयेत. पण सिस्टर खाटेपाशी जाते, इंजेक्शन देते, सलाईन बघते, नातेवाइकांच्या चार प्रश्नांना उत्तरं देते आणि परत येते, तोवर पाच मिनिटं केव्हाच होऊन गेलेली असतात. मग पुन्हा तो कॅपिटल अक्षर, आकडा आणि चिन्ह असलेला पासवर्ड. एका पाळीत असं किती वेळा करायचं? त्यांनी त्यांच्यापुरता मार्ग काढला होता. ड्यूटीवर पहिली येईल तिने आपल्या नावाने उघडायचं, आणि येता-जाता कुणीतरी एक बटण दाबत राहायचं. म्हणजे अख्ख्या वॉर्डाची औषधं एकाच सिस्टरच्या नावावर चढत होती! उद्या एखाद्या पेशंटला चुकीचा डोस गेला, तर तो कुणी दिला हे कागदावरून कधीच कळलं नसतं. आणि कदाचित त्या वेळी खाटेच्या जवळपासही नसलेल्या मुलीची नोकरी गेली असती.

ही होती ती ‘किरकोळ गैरसोय’. ओळखपत्र टेकवलं की पडदा जिथे होता तिथेच पुन्हा उघडेल, अशी सोय करायचं ठरलं आणि ती मागणी पहिल्या ढिगात गेली.

तुम्ही म्हणाल, ही सगळी माहिती यंत्राला दिली असती तर त्यानेही क्रम बदलला असता. अगदी बरोबर! मी देऊनही पाहिली आणि त्याने ती मागणी थेट दुसऱ्या नंबरवर नेली. पण माहिती वॉर्डात होती, कागदावर नव्हती. ज्याच्याजवळ लिहायला वेळ, टेबल आणि इंग्रजी आहे त्याची गरज दोन पानांची होते. जिच्याजवळ यातलं काहीच नाही तिची एका ओळीची. लांब, नेटक्या मजकुराकडे या यंत्रांचा कल झुकतो, हे आता जाणकारही सांगतात. इतकंच काय, यादीतल्या ओळींचा क्रम उलटसुलट करून पुन्हा विचारलं, तर निकालही पुष्कळदा बदलतो. तुमच्याकडे कुणी यंत्राने लावलेला क्रम घेऊन आलं, तर हा प्रयोग त्याच्यासमोरच करून पाहा. दहा मिनिटंही लागत नाहीत.

हे दुखणं यंत्राबरोबर आलं असंही नाही. ‘अपोलो’ मोहिमांचं यानातलं सॉफ्टवेअर करणाऱ्या मार्गारेट हॅमिल्टन यांची गोष्ट आमच्या क्षेत्रातल्या प्रत्येक मुलीला माहीत असायला हवी. त्या अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रयोगशाळेत काम करायच्या आणि कधी कधी चार वर्षांच्या लेकीलाही बरोबर न्यायच्या. एकदा तिथल्या नकली यानाशी खेळताना लेकीने काही बटणं दाबली आणि सगळं कोलमडलं. ‘उड्डाण’ चालू असताना उड्डाणापूर्वीचा कार्यक्रम तिने सुरू केला होता. हॅमिल्टनबाईंनी लगेच सुचवलं, की असं झालं तर सावरणारी सोय घालू या. उत्तर मिळालं की अंतराळवीर इतके तयार असतात, ते असली चूक करणारच नाहीत. मागणी बाजूला पडली. बाईंना फक्त माहितीपत्रात एक सूचना लिहून ठेवता आली. डिसेंबर १९६८ मध्ये ‘अपोलो ८’ चंद्राकडून परतत असताना जिम लॉव्हेल यांच्या हातून नेमकं तेच घडलं आणि यानाची दिशा ठरवणारी माहिती पुसली गेली. जमिनीवरच्या लोकांच्या मदतीने ती पुन्हा भरावी लागली. त्यानंतर बाईंची सोय मंजूर झाली. त्या मागणीला खालचा नंबर देणारी चांगली शिकलीसवरलेली माणसंच होती. म्हणून ‘माणसंही चुकतातच की’ असं जेव्हा मला ऐकवलं जातं, तेव्हा मी वाद घालत नाही. फक्त एवढंच विचारते, की माणसाने नकार दिला तर निदान त्याला जाऊन ‘का?’ म्हणून विचारता येतं, पण यंत्राने सदतिसावा नंबर दिला तर भांडायचं कुणाशी?

बरं, क्रम लागतो तो यादीत जे आहे त्याचा. यादीतच नसलेल्याचं काय? ॲपल कंपनीने २०१४ साली आरोग्याचं ॲप आणलं, त्यात शरीरात किती तांबं आणि किती क्रोमियम गेलं याचीही नोंद करता येत होती. मासिक पाळीची नोंद मात्र नव्हती! ती आली पुढच्या वर्षी, बायकांनी भरपूर बोलून दाखवल्यावर. आजच्या यंत्राला अशी यादी दिली तर ते बहुधा म्हणेल, ‘पाळीचं राहिलंय.’ का, तर या विषयावर जगभर इतकं लिहून झालं आहे. ज्यावर खूप लिहिलं गेलं ते त्याला सुचतं. ज्यावर कुणी लिहिलंच नाही ते कुठून सुचणार?

आपल्या अंगणवाडी सेविकेचं उदाहरण घ्या. मार्च २०२१ मध्ये केंद्राचं पोषण ट्रॅकर ॲप आलं. आपल्या राज्यात लाखाच्या वर अंगणवाड्या आहेत, तिथल्या मुलांची वजनं, उंची, आहार, सगळं त्यात भरायचं. ॲप इंग्रजीत, आणि हातातला फोन जेमतेम दोन जीबीचा. तो अडकायचा, तापायचा, दुरुस्तीचा खर्च सेविकेच्या माथी. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातल्या सेविकांनी ते फोन सरकारला परत करायला सुरुवात केली. मराठीतून नाव लिहिता आलं पाहिजे, ही मागणी मोर्चाने कळवावी लागावी? ॲप बनवताना चार सेविकांना बोलावून चहा पाजला असता, तरी ती पहिल्या पाचात आली असती. पुढे भाषा आल्या. मग जुलै २०२५ पासून घरी न्यायच्या आहारासाठी लाभार्थीचा चेहरा जुळवणं सक्तीचं झालं. खोट्या नोंदी टळाव्यात हा हेतू योग्य, पण आधारला जोडलेला मोबाइल नवऱ्याकडे आणि नवरा ऊसतोडीला गेलेला, अशी गरोदर बाई दारात उभी राहिली तर सेविकेने काय करायचं? हा प्रश्न आधीच्या यादीत नसेल, तर जगातलं कुठलंही यंत्र त्याला नंबर देऊ शकत नाही. आणि आहार न मिळाल्याचा राग सेविकेवर निघतो, ॲपवर नाही.

माझ्याच धंद्यातल्या मैत्रिणींसाठीही यात एक धोका आहे. चार माणसांशी बोलून, त्यांचं म्हणणं लिहून घेऊन यादी लावायचं काम आमच्याकडे पूर्वीपासून ‘सॉफ्ट’ समजलं जातं, आणि ते बायकांकडे सहज सरकवलं जातं. कोड लिहिणारे ते खरे इंजिनीअर, आम्ही नोंदी ठेवणाऱ्या! आता नोंदी यंत्र ठेवतं म्हटल्यावर ‘मग तुमचं काय काम?’ असं विचारायला तोंडं उघडलीच आहेत. माझं म्हणणं आहे की नोंदी यंत्राला खुशाल देऊन टाका आणि तो वाचलेला वेळ मागून घ्या. वॉर्डात, गोदामात, अंगणवाडीत जाऊन बसण्यासाठी. आजवर ‘वेळ नाही’ या सबबीवर तेच टाळलं जात होतं. वाचलेले तास आणखी एका प्रोजेक्टमध्ये कोंबले गेले, तर मात्र आम्ही फसलो असं समजा.

आमच्या गटात आता दोन नियम झाले आहेत. यादीतल्या प्रत्येक ओळीपुढे दोन रकाने भरायचे : हे कुणी मागितलं, आणि हे नाही झालं तर कुणाचे हाल होतील? दुसरा रकाना भरायला यंत्राची मदत घ्यायची नाही. आणि ‘यावेळी नको’च्या ढिगात एखादी मागणी टाकायची असेल, तर त्याखाली माणसाने स्वतःचं नाव लिहायचं. सही करायची वेळ आली, की लोक अचानक पुन्हा एकदा विचार करतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

तुमच्यापैकी बऱ्याच जणी सॉफ्टवेअर बनवत नसाल, पण बँकेत, शाळेत, दवाखान्यात, पंचायतीत दिवसभर ते वापरत असाल. तक्रारीचा अर्ज किंवा सूचनेची चौकट तुमच्याही समोर येत असेल. यापुढे ती आधी यंत्र वाचणार आहे असं धरून चाला. नीट ऐकून घेण्याची जबाबदारी खरं तर बनवणाऱ्यांची, पण त्यांना शहाणपण येईपर्यंत आपण थांबायचं कशाला? तेव्हा ‘ॲप नीट चालत नाही’ असं लिहू नका. मराठीतच लिहा, पण असं लिहा : ‘सकाळी दहा ते बारा रेंज नसते. तेव्हा भरलेली हजेरी पुसली जाते. या आठवड्यात तीन दिवस असं झालं आणि तीनही दिवसांचा माझा पगार कापला गेला.’