साचा आधी, कव्हर नंतर



गेल्या पावसाळ्यात आमच्या चिरंजीवांनी जाहीर केलं, "बाबा, गाडीच्या आरशाची कव्हरं आपण घरीच कार्बन फायबरची करू." मी पलसाण्यातल्या एका डाईंग मिलमध्ये मेंटेनन्स बघतो. म्हटलं, करू की, त्यात काय!

कापड आलं. आयुष्य लूमवर घालवलेल्या शेजारच्या काकांनी ते बोटांनी चाचपलं आणि म्हणाले, "अरे, हे तर ट्विल!" बरोबरच होतं. विणकाम आपल्या सुरतेसारखंच, धागा तेवढा वेगळा. ॲक्रिलिकच्या जातीचा धागा आधी हवेत भाजून, मग ऑक्सिजनशिवाय हजार अंशांच्या वर तापवून तो करतात. असा कारखाना आपल्या हजिऱ्यात उभारण्याची घोषणा रिलायन्सने २०२२ मध्ये केली, हे तुम्ही वाचलं असेल.

पण कापड नुसतंच मऊ. त्याला आकार देतो साचा, आणि खरी मेहनत तिथेच असते. घरातला मोदकाचा साचा आठवा. तो दोन भागांत उघडतो, म्हणून मोदक न मोडता निघतो. आणि आई आधी तुपाचं बोट फिरवते, म्हणून चिकटत नाही. आमच्या साच्यात तुपाच्या जागी वॅक्स.

मूळ कव्हर वॉटर पेपरने घासून आरशासारखं करायचं. त्यावर वॅक्सचे पाच-सहा हात, प्रत्येक हात पुसून चमकवायचा आणि मध्ये वेळ द्यायचा. मग जेलकोट. तो बोटाला चिकट लागेल पण बोटावर येणार नाही, इतका सुकला की ग्लास मॅट आणि रेझिनचे थर. तेही एका दमात नाहीत. रेझिन सुकताना तापतं, आकसतं आणि साचा वाकडा होतो.

मुलाने हे सगळं वहीत लिहून ठेवलं होतं. दुसऱ्या हातानंतर मीच म्हणालो, "पुरे रे, काही होत नाही!" बाहेर पाऊस, मला जेवायची घाई.

दुसऱ्या दिवशी साचा सुटेना. प्लास्टिकच्या पाचरी घातल्या, गरम पाणी ओतलं. शेवटी 'कट्ट' आवाज आला आणि डावं कव्हर मधोमध तडकलं. साचाही गेला. पोरगा काही बोलला नाही, आणि तेच मला जास्त लागलं. रात्री मी म्हणालो, "चूक माझी होती. आता तुझ्या वहीप्रमाणे."

उजव्या कव्हरावर पुन्हा सुरुवात केली. डावं-उजवं आरशातल्या प्रतिमेसारखं उलट असतं, एकाचा साचा दुसऱ्याला चालत नाही. या वेळी कडा आत वळते तिथे साचा दोन भागांत केला आणि नट-बोल्टने जोडला. वॅक्सचे सहा हात झाले, प्रत्येकाची वेळ वहीत. चौथ्या दिवशी साचा अलगद उघडला. मग त्यात वॅक्स, कार्बनचं कापड आणि इपॉक्सी. निघालेल्या कव्हरावर एक बारीक ओरखडा होता. मूळ कव्हरावरचा, आमच्या नजरेतून सुटलेला. आता त्या साच्यातून शंभर कव्हरं काढली तरी शंभरांवर तो येणार.

तुम्हाला करून बघायचं असेल, तर काही गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवा. हातमोजे, चष्मा, मास्क आणि उघडी हवा हवीच. पॉलिस्टर रेझिनसोबत मिळणारं कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकमेकांत कधीही मिसळू नका, भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये नीट ढवळा, हार्डनर त्यानंतर. आणि सुरुवात शोभेच्या भागांपासून करा. ज्यावर जीव अवलंबून आहे, असा गाडीचा एकही भाग घरी करू नका.

सध्या आमच्या गाडीचं उजवं कव्हर काळं विणीचं आणि डावं दुकानातून आणलेलं पांढरं आहे. सौ. म्हणतात, "एक मुलाचं, एक बापाचं." डाव्या साच्याचं काम पुढच्या रविवारी. वॅक्सचा डबा मात्र चिरंजीवांच्या ताब्यात आहे.